एक एस जास्त

नोकरीच्या पहिल्या दिवशी सरांनी मला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. माझ्यासमोर एक कागद सरकवला आणि म्हणाले, "हे पाठ कर. उद्या विचारेन."

कागदावर लाल पेनाने देशांची आणि बंदरांची नावं लिहिली होती, इंग्रजीत, आणि प्रत्येक नावात एखाद्या अक्षराखाली रेघ मारलेली. कोलंबियात यू नाही, ओ आहे. फिलिपिन्समध्ये एल एकच, मधला पी मात्र डबल. मोरोक्कोत आर एक, सी दोन. जोहान्सबर्गच्या शेवटी एच लावायचा नाही. जिबुतीची सुरुवात डीने होते, तो डी कुणी उच्चारत नसलं तरी. लोक जिथे हमखास चुकतात अशी पन्नाससाठ नावं होती ती. दुसऱ्या दिवशी सरांनी खरंच विचारली. माझी सात चुकली. सरांनी ती सात मला वीस वीस वेळा लिहायला लावली, शाळेसारखी.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. आमचं घर बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात. वडील ज्या कारखान्यात होते तो बंद पडून दीड वर्ष झालं होतं आणि ते दिवसभर पेपर वाचत बसायचे, एकच पेपर. बी.कॉम. झाल्या झाल्या मला अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत ही नोकरी लागली. कपड्याच्या रंगांना लागणारी रसायनं बनवणारा कारखाना होता. बराचसा माल परदेशी जायचा आणि त्याची कागदपत्रं आमचं एक्स्पोर्ट डिपार्टमेंट करायचं. डिपार्टमेंट म्हणजे एक खोली, दोन टेबलं, दोघांच्या मध्ये एक फोन, आणि यार्डातले निळे ड्रम दिसतील अशी एक खिडकी. एका टेबलावर मी, दुसऱ्यावर सर. ते काही शिक्षक नव्हते, पण वॉचमनपासून शेठपर्यंत सगळे त्यांना सरच म्हणायचे.

सर तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. शिवमंदिराच्या बाजूला एका जुन्या इमारतीत ते आणि काकू, दोघंच राहायचे. टेलेक्सच्या काळात ते या धंद्यात आले. बंदराची नावं फोनवरून एकेक अक्षर करून सांगावी लागत, एम फॉर मद्रास, बी फॉर बॉम्बे, अशी. तेव्हापासून त्यांना ती सवय लागली होती. कुणी 'केनिया' म्हटलं की त्यांच्या डोक्यात पाच अक्षरं उभी राहत असावीत. स्वतः ते कधी परदेशी गेले नाहीत. पासपोर्टसुद्धा काढला नव्हता. एकदा मी विचारलं, "सर, एवढी कशाला काळजी करायची? कळतं ना त्यांना."

"आपण काही ती गावं बघणार नाही," ते म्हणाले. "निदान नाव तरी नीट लिहू."

त्यांच्या हाताखाली मी काम शिकले आणि त्यांच्यावर मनातून चिडायलाही शिकले. पहिल्याच वर्षी मी फिलिपिन्समध्ये एल डबल टाकला. ते तसंच स्टेन्सिलवर गेलं आणि ऐंशी ड्रमांवर रंगवलंसुद्धा. सर मला यार्डात घेऊन गेले. दोन कामगार थिनरने एकेक ड्रम घासून काढत होते आणि मी उन्हात त्यांच्या शेजारी उभी होते, कारण सरांनी सांगितलं होतं की शेवटचा ड्रम होईपर्यंत हलायचं नाही. कामगार माझ्याकडे बघत नव्हते. ते मला जास्त लागलं. संध्याकाळी सरांनी काकूंनी दिलेला नारळाच्या वडीचा डबा माझ्यासमोर उघडून ठेवला, जणू काही झालंच नव्हतं. मी एकही वडी घेतली नाही.

असेच होते ते. माझे वडील आजारी पडले तेव्हा आठ दिवस माझं सगळं काम त्यांनी एकट्याने ओढलं आणि कुणाला कळू दिलं नाही. आणि तेच सर, एक स्वल्पविराम चुकला तर ड्रायव्हर, प्यून, कस्टम्समधून माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटचा माणूस, सगळ्यांसमोर माझी अब्रू काढत. "एका अक्षराने माल दुसरीकडे जातो," हे त्यांचं वाक्य. खरं तर इतक्या वर्षांत आमचा कुठलाही माल एका अक्षराने कुठे गेला नव्हता. आमच्याच गावाचं स्पेलिंग लोक दोन तऱ्हेने लिहितात. अंबरनाथमध्ये कुणी 'बी'नंतर ई घालतं, कुणी ए. दोन्ही पत्त्यांवर पत्रं येतातच. मी हे एकदा बोलून दाखवलं, तर सर म्हणाले, "आपल्या घरात आपण कसेही वागतो. पाहुण्याकडे जाताना नाही."

मला नोकरीला लागून चार वर्षं झाली असतील. एका दुबईच्या व्यापाऱ्याने आमच्याकडून मोठी ऑर्डर घेतली. माल जायचा होता मोम्बासाला, म्हणजे केनियाच्या बंदरात. नवीन गिऱ्हाईक, म्हणून शेठनी एलसी मागितली. एलसी म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेची हमी. त्यात लिहिलंय तसेच कागद आपण पाठवले की बँक पैसे देते. बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते. आणि त्या एलसीत मोम्बासाचं स्पेलिंग चुकलेलं होतं. मराठीत दोन्ही सारखंच, पण इंग्रजीत मोम्बासाला एकच एस असतो. त्यांनी दोन टाकले होते. पुष्कळ लोक टाकतात. सरांच्या त्या लाल कागदावर ते नाव होतं.

मी इन्व्हॉइस टाइप केलं ते एलसीत होतं तसं, दोन एस घालून. सरांनी तपासायला घेतलं आणि लाल पेनाने एक एस खोडला.

"सर, एलसीत डबल आहे," मी म्हटलं.

"त्यांना येत नाही म्हणून आपण पण चुकायचं?"

"पण बँक..."

"अगं, नियम वाचलाय मी. अर्थ बदलत नसेल तर टायपिंगची चूक चालते. आणि जहाज कंपनीच्या कागदावर एकच एस येणार, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये तसंच आहे. आपल्या एका कागदावर दोन आणि दुसऱ्यावर एक, असं द्यायचं का?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. हे मी आज सांगते आहे, कारण पुढे मी ते नियम स्वतः वाचले. मी एक एस काढला. माल गेला, कागद आमच्या बँकेत गेले.

दोनतीन दिवसांनी सकाळी क्लिअरिंग एजंटचा माणूस आमच्याकडे बसला होता. मी त्याला जिबुतीच्या मालाचा कागद दिला आणि त्यात सुरुवातीचा डी टाकायचा राहिला होता. सरांनी कागद त्याच्या हातातून काढून घेतला. "चार वर्षं झाली," ते मला म्हणाले, "आणि अजून पहिल्या दिवसाचा कागद येत नाही हिला." तो माणूस हसला. वाईट हसला नाही, नुसता हसला. माझे कान तापले. सर उठून यार्डात गेले आणि त्यानंतर दहा मिनिटांनी फोन वाजला.

आमच्या बँकेतला ऑफिसर होता. "मॅडम, मोम्बासाच्या केसमध्ये स्पेलिंग वेगळं आहे. तसं चालायला हरकत नाही, पण ती समोरची बँक फार किचकट आहे. पार्टीकडून मेल मागवून घ्या ना, की एक एस चालेल म्हणून. सरांना सांगा. दोन दिवस आहेत आपल्याकडे."

मी "सांगते" म्हटलं आणि फोन ठेवला. खिडकीतून सर दिसत होते, ड्रमच्या रांगेतून वाकून काहीतरी वाचत होते. जेवणानंतर सांगू, असं मी ठरवलं. जेवणानंतर सांगितलं नाही. बस सुटायच्या वेळी सांगू म्हटलं, तेव्हाही नाही. मी विसरले नव्हते. दर थोड्या वेळाने ते माझ्या जिभेवर येत होतं आणि मी गिळत होते. येऊ दे एकदा परत, असं मला वाटत होतं. एकदा तरी यांच्या स्पेलिंगवरून यांना कुणीतरी बोलू दे. कागद परत येतील, चार दिवस धावपळ होईल, सर ओशाळतील, आणि मग मिटेल. इतपतच माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सर कॅन्टीनमध्ये असताना बँकेचा परत फोन आला. "मेल आला का? नाहीतर असेच पाठवू?"

"पाठवा," मी म्हटलं.

माल समुद्रात असतानाच आमच्या त्या रसायनाचा भाव पडला. व्यापाऱ्याला माल नकोसा झाला. त्याच्या बँकेने कागद परत पाठवले, आणि कारण म्हणून एकच ओळ लिहिली होती: बंदराचं नाव एलसीप्रमाणे नाही. आमच्या बँकेने नियम दाखवून पत्रं लिहिली, त्यांनी उत्तरं दिली. तोवर ड्रम मोम्बासाच्या धक्क्यावर पडून राहिले. शेवटी त्याच व्यापाऱ्याने तो माल निम्म्या भावाने उचलला. त्या महिन्यात आमची रात्रपाळी बंद झाली आणि कंत्राटी कामगारांना सांगितलं गेलं की पुढचं कळवू. त्यातल्या बऱ्याच जणांना कधीच कळवलं नाही.

शेठनी आम्हाला दोघांना केबिनमध्ये बोलावलं. शेठ उल्हासनगरचे, मराठी-हिंदी एकत्र बोलायचे आणि आवाज कधी चढवायचे नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही. टेबलावर बँकेचा मेल होता.

"सर, बँक बोलती है की त्यांनी फोन केला होता. दोन वेळा. स्पेलिंगसाठी. फोन कोणी घेतला?"

बँकेच्या मेलमध्ये 'आपल्या ऑफिसला कळवलं होतं' एवढंच होतं. कुणाला, ते नव्हतं. हे मी उलट्या बाजूने, टेबलापलीकडून वाचलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला नाही आला फोन."

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत संशय असता तर मी कदाचित तिथेच बोलले असते. ते नुसते आठवत होते. खोलीत माणसं दोनच. तिने घेतला नाही, म्हणजे आपण घेतला, एवढा साधा हिशेब ते माझ्या चेहऱ्याकडे बघत करत होते.

"मग मीच घेतला असेन," ते म्हणाले.

"घेतला असेन मतलब?"

"माझ्या लक्षात नाही, शेठ."

"दोन फोन, सर. दोन्ही लक्षात नाहीत?"

सरांनी चष्मा काढला, परत लावला. "नाही," ते म्हणाले. "काहीच लक्षात येत नाहीये."

मी तिथे उभी होते. घरी पेपर वाचत बसलेले वडील, चिखलोलीला नुकताच बुक केलेला फ्लॅट, हे सगळं माझ्या डोक्यात येत होतं असं मी नंतर स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. मी फक्त वाट बघत होते, हे कधी संपतं याची.

शेठनी सरांना महिनाअखेरपर्यंत राहायला सांगितलं. "सर, आप अब आराम करो," एवढंच म्हणाले. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

तो शेवटचा महिना सर माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत. सगळ्या फायली त्यांनी मला समजावून दिल्या. प्रत्येक फाइलवर एक चिठ्ठी लावली होती, तारीख आणि काय बाकी आहे ते. "सांगायचं राहून जाईल म्हणून लिहून ठेवलंय," असं म्हणायचे. दुपारी फोन वाजला की ते घाईने उचलत, आणि ठेवला की लगेच वहीत लिहीत: वेळ, कोण, काय म्हणालं. एकदा पाणीवाल्याचा फोन आला होता, तोही त्यांनी लिहिला. मी समोरच्या टेबलावर बसून ते बघत होते.

त्यांची खुर्ची मला मिळाली. माझ्या जागी नवीन मुलगी आली. कामाला मी चांगली होते, त्यांनीच शिकवलं होतं. वर्षभराने आम्ही चिखलोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. वास्तुशांतीच्या पत्रिका छापायला मी अंबरनाथला, शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या एका डीटीपीच्या दुकानात गेले, तर आतल्या टेबलावर सर बसलेले. लग्नपत्रिकांची प्रुफं वाचायचं काम करत होते.

ते खूश झाले मला बघून. उठून उभे राहिले. वजन उतरलं होतं, शर्ट खांद्यावरून ओघळत होता. माझ्या पत्रिकेचा मजकूर त्यांनी वाचायला घेतला आणि दोन ओळी वाचून दुकानदाराला हाक मारली, "अहो, हे चिखलोली इंग्रजीत असंच ना? सी एच आय के एच?" दुकानदार कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाला, "हो काका, असंच." सर अजून एक ओळ वाचून थांबले. "आणि बदलापूर? शेवटी यू आर?" दुकानदाराने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. हे नेहमीचं असावं.

निघताना ते माझ्याबरोबर दुकानाच्या पायरीपर्यंत आले. हळू आवाजात विचारलं, "मोम्बासाला एकच एस ना गं?"

"एकच, सर."

"माझी आता खात्री राहिली नाही," ते म्हणाले. "कधी कधी दोन बरोबर वाटतात. लिहून बघतो, तर दोन्ही बरोबर दिसतात." मग म्हणाले, "त्या फोनपासून हे झालंय. डॉक्टरांकडे जातो मी. तू सांभाळ. तुला वेळ आहे अजून."

मी रिक्षा केली. निम्म्या वाटेत मी रिक्षावाल्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. तरीही मी परत गेले नाही. चार महिन्यांनी पत्रिकेच्या दुसऱ्या कामाला त्या दुकानात गेले तर सर नव्हते. "काका प्रत्येक शब्द विचारायला लागले," दुकानदार म्हणाला. "एक पत्रिका तपासायला दोन तास. माझं गिऱ्हाईक कसं थांबणार?"

त्यानंतर मी त्या रस्त्याने जाणं टाळलं. पण अंबरनाथ एवढंसं गाव. एका शनिवारी संध्याकाळी स्टेशनजवळच्या भाजीबाजारात काकू समोर आल्या. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षापासून त्या मला ओळखत होत्या. हातातली पिशवी खाली ठेवून त्यांनी माझा हात धरला.

"तू एकदा ये गं घरी. तुझं ऐकतील ते."

"काय झालं काकू?"

"काही झालेलं नाही, तेच तर. डॉक्टर म्हणतात, स्मरणशक्ती ठणठणीत आहे. डोक्याचा फोटो काढला, तोही चांगला आला. दोन डॉक्टर झाले, ह्यांच्या हट्टापायी गोळ्याही दिल्या. पण ह्यांना पटत नाही. म्हणतात, एवढे दोन मोठे फोन मी साफ विसरलो, मग अजून काय काय विसरलो असेन. एकटे बाहेर पडत नाहीत. रस्ता चुकेन म्हणतात. मी देवळात जाते तेव्हा गॅसचा रेग्युलेटर काढून पिशवीत घेऊन जाते, कारण ह्यांना भीती, की आपण गॅस चालू ठेवू आणि आठवणार नाही. दोन वर्षं झाली. तू सांग ना त्यांना, ऑफिसात काम करताना तुम्ही किती हुशार होता ते."

भाजीवाला मागून "मावशी, बाजूला व्हा" म्हणत होता. मी म्हटलं, "उद्या येते."

रविवारी सकाळी गेले. दार काकूंनी उघडलं. सर खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर वही. भिंतीवर, फ्रिजवर, दाराच्या मागे चिठ्ठ्या चिकटवलेल्या. मोटर बंद केली का. किल्ली घेतली का. एका चिठ्ठीवर नुसतं काकूंचं नाव लिहिलेलं होतं, पूर्ण नाव, वडिलांच्या आणि सासरच्या आडनावासकट.

काकू चहा करायला आत गेल्या. मला वाटलं, त्या बाहेर यायच्या आधी बोलून टाकावं. पण शब्द जुळेपर्यंत त्या ट्रे घेऊन आल्या आणि मग मी दोघांसमोरच बोलले.

"सर, ते फोन मी घेतले होते."

त्यांना कळलं नाही. "कुठले?"

"बँकेचे. मोम्बासाच्या वेळचे. दोन्ही मी घेतले. तुम्हाला सांगितलं नाही. आणि शेठसमोर खोटं बोलले."

काकूंच्या हातातला ट्रे टीपॉयवर टेकला. सरांनी वही उघडली, पेन काढलं. "पहिला कधी आला?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी ऑफिसातला होता.

"सकाळी. अकराच्या सुमाराला."

"मी कुठे होतो?"

"यार्डात. क्लिअरिंगचा माणूस आला होता, जिबुतीचा कागद चुकला होता, त्यानंतर."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्या दिवशी. तुम्ही जेवायला गेला होता."

त्यांनी लिहिलं. दोन ओळी. लिहून झाल्यावर त्या परत वाचल्या, ओठ हलवत. "म्हणजे मी विसरलो नव्हतो," ते म्हणाले.

"नाही सर."

"मी ते फोन घेतलेच नव्हते."

"नाही."

खालून देवळाकडे जाणाऱ्या लोकांचा आवाज येत होता, सोमवार नसला तरी रविवारी गर्दी असते. मला वाटत होतं की ते आता ओरडतील. त्यांनी ओरडावं अशी माझी इच्छा होती.

"मी तुझ्याकडे बघितलं होतं केबिनमध्ये," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटलं, ही खोटं कशाला बोलेल. म्हणून मग माझंच चुकलं असणार." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मी दोन वर्षं गोळ्या घेतोय."

मी रडायला लागले. माफ करा, असं काहीतरी म्हणत होते. सर ते ऐकत होते की नाही कळलं नाही. ते भिंतीवरच्या चिठ्ठ्या बघत होते, एकेक करून, जणू दुसऱ्या कुणाच्या घरात आले असावेत.

"का गं?" काकूंनी विचारलं. "काय केलं होतं ह्यांनी तुझं?"

"मला ओरडले होते," मी म्हटलं. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच. त्या खोलीत ते वाक्य फार लहान वाटलं.

"जा तू आता," सर म्हणाले. रागाने नाही.

काकू दारापर्यंत आल्या. माझा चहा तसाच राहिला होता. चपला घालताना मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्या म्हणाल्या, "खरं सांगितलंस ते बरं केलंस, असं मी म्हणायला हवं. पण माझ्याच्याने म्हणवत नाही. पुन्हा येऊ नकोस." आणि दार लावलं.

सोमवारी मी शेठना सगळं सांगितलं. राजीनामा लिहून नेला होता. शेठनी तो वाचला आणि घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. "बेटा, हे तेव्हा सांगायचं होतं," ते म्हणाले. "मी पण विचारलं नाही बरोबर. मला कोणीतरी पाहिजे होता, सर समोर होते." त्यांनी माझ्यासमोरच सरांना फोन लावला आणि परत यायला सांगितलं. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. शेठ "हां सर, हां सर" करत होते. फोन ठेवून म्हणाले, "येत नाहीत. म्हणतात, फक्त लिहून द्या. फोन त्यांनी घेतले नव्हते, एवढं कंपनीच्या कागदावर लिहून द्या."

ते पत्र टाइप करायचं काम माझ्याकडेच आलं, कारण इंग्रजी पत्रं मीच करायचे. चार ओळींचं पत्र. त्यात मोम्बासाचं नाव होतं. मी ते लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, आणि एकच एस बरोबर हे ठाऊक असूनही नवीन मुलीला बोलावून विचारलं. शेठनी सही केली. प्यून ते घरी देऊन आला. काकूंनी सही करून घेतलं, म्हणाला. बाकी काही निरोप नव्हता.

माझा राजीनामा शेठनी कधीच ड्रॉवरमधून काढला नाही आणि मीही परत दिला नाही. काम येणारं दुसरं कुणी नव्हतं, हे त्यांचं कारण. माझं कारण मी इतक्या वेळा बदललंय की आता ते मलाही नीट सांगता येत नाही. नवीन मुलगी चुकते तेव्हा मी तिच्या चुकीवर पेन्सिलने गोल करते आणि काही न बोलता कागद तिच्याकडे सरकवते. ती मला घाबरते, तरीही.

यंदा श्रावणाच्या आधी मी एका नातेवाईकांकडून परत येत होते आणि शिवमंदिराच्या रस्त्यावर सर दिसले. एकटेच होते. हातात भाजीची पिशवी, पायात चपला, डोक्यावर टोपी. दुकानांच्या कडेकडेने, पण थांबत थांबत नाही, सरळ चालत येत होते. मला बरं वाटलं, खूपच बरं वाटलं, आणि मी पुढे झाले. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. ते थांबले. ओळख पटल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, आणि मग त्यांनी रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या बाजूने चालू लागले.

यांना मी आठवले नसते तर किती बरं झालं असतं, असं त्या वेळी माझ्या मनात येऊन गेलं. मी तिथेच एका हारवाल्याच्या गाडीजवळ उभी राहिले. "ताई, हार देऊ?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं, आणि रिक्षा शोधायला स्टेशनच्या बाजूला चालू लागले.